थोडे मद्य आरोग्यास हितकर काय?

गेल्या कार्तिकी वारीच्या अगोदरची गोष्ट. एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन होते. आरती झाली, मंडळी पांगली, आणि आम्ही पागोटे उतरवून जरा टेकतो तोच एक वृद्ध माळकरी जवळ येऊन बसले. वय सत्तरीच्या घरात. तीस वर्षांची वारी. म्हणाले, "महाराज, थोडं एकांतात विचारायचं आहे."

चार महिन्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. शहरात नेऊन रक्तवाहिनीत जाळी बसवली. जीव वाचला. जावई शिकलेला, मनाने चांगला, सासऱ्यावर माया करणारा. त्याने लाल वाइनची बाटली आणून दिली आणि सांगितले, "मामा, रोज रात्री जेवताना अर्धा पेला. दारू म्हणून नव्हे, औषध म्हणून. परदेशात डॉक्टरच सांगतात." घरातली माणसेही हळूहळू म्हणू लागली, "माळ मोठी का जीव मोठा?" गृहस्थांनी गळ्यातल्या माळेला हात लावला आणि विचारले, "महाराज, काढून ठेवू का?"

वीस वर्षांपूर्वी आम्ही तत्काळ उत्तर दिले असते. त्या काळी कीर्तनात आम्ही ठोकून सांगत असू की, दारूचा थेंब पोटात गेला की काळीज सडले म्हणून समजा! पुढे एकदा भर कीर्तनात एक श्रोता उभा राहिला. "बुवा, आमचे वडील रोज सांजेला एक पेला घेत. ८८ व्या वर्षी गेले. त्यांचं का नाही सडलं?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही टाळकऱ्यांना खूण केली, गजर सुरू केला आणि प्रश्न टाळांच्या आवाजात बुडवून टाकला. ती लबाडी आजवर मनाला बोचते. म्हणून ह्या खेपेस म्हणालो, "माउली, पंधरा दिवस द्या. तोवर माळ गळ्यातच राहू द्या, आणि बाटलीचं बूचही काढू नका." आमचे एक श्रोते वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतात. त्यांच्याकडे आठ दिवस जाऊन बसलो. जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

मीमांसकांनी अधिकरणाची पाच अंगे सांगितली आहेत : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. लहानपणी पाठशाळेत हीच रीत आमच्या हाडीमासी मुरली. तिनेच जाऊ.

विषय

'थोडी' म्हणजे किती, हे आधी ठरवले पाहिजे. पेला, पेग, बाटली ह्यांवर जाऊ नये. आत शुद्ध मद्यार्क किती ग्रॅम आहे ते पाहावे. आपल्याकडे विलायती पद्धतीच्या दारूत घनफळाने शेकडा ४२.८ भाग मद्यार्क असतो. तिच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क जातो. वाइनच्या १०० मिलिलिटरच्या पेल्यातही जवळजवळ तेवढाच. ६५० मिलिलिटरची साधी बिअरची बाटली घेतली तर २५ ग्रॅम, आणि 'स्ट्राँग' म्हणतात ती घेतली तर ४० ग्रॅमपर्यंत! म्हणजे "मी फक्त एक बिअर घेतो" म्हणणारा चार पेगांचा धनी असू शकतो. घरी ओतणाऱ्याचा हात तर नेहमीच सैल असतो.

बरे, मर्यादा कोणती? ब्रिटनमध्ये १९८७ साली पुरुषांना आठवड्याला २१ आणि स्त्रियांना १४ मापे सांगत. माप ८ ग्रॅमचे. २०१६ साली दोघांनाही १४ वर आणले. कॅनडात २०११ साली पुरुषांना आठवड्याला १५ पेयांपर्यंत मुभा होती. २०२३ च्या मार्गदर्शनात धोका कमी राखायचा तर आठवड्याला दोनच, असे सांगितले. ज्ञान वाढले तसतशी 'थोडी' आणखी थोडी होत गेली. हे ध्यानात ठेवू.

संशय

थोडे पिणारे लोक पुष्कळ वेळा न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी आणि दीर्घायुषी दिसतात. हे आयुष्य त्या पेल्याने दिले, की दुसऱ्याच कशाने दिले आणि श्रेय पेल्याने लाटले? संशय एवढाच.

पूर्वपक्ष

प्रतिपक्षाला दुबळा करून मग हरवणे हे शास्त्रार्थाला शोभत नाही. म्हणून जावईबापूंचा पक्ष त्यांच्यापेक्षाही जोराने मांडतो.

अमेरिकेत रेमंड पर्ल नावाचे संशोधक होऊन गेले. त्यांनी १९२६ साली मद्य आणि आयुर्मान ह्यांवर ग्रंथ लिहिला. त्यांना आढळले की अतिशय पिणारे लवकर जातात हे खरे. पण बेताने पिणारे अजिबात न पिणाऱ्यांहून कमी तर जगत नाहीतच, उलट किंचित जास्तच जगतात. पुढे अनेक देशांत अशीच आकडेवारी निघाली. कागदावर रेघ काढली तर इंग्रजी 'जे' अक्षरासारखी दिसे : न पिणाऱ्यापासून थोडे पिणाऱ्याकडे जरा उतार, मग मोठा चढ.

नंतर फ्रान्सचे नाव पुढे आले. तिथले लोक लोणी, चीज भरपूर खातात, तरी हृदयविकाराचे मृत्यू कमी. सर्ज रनो ह्या संशोधकाने त्याचे श्रेय वाइनला दिले. नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर ही गोष्ट सांगितली गेली आणि त्या देशात लाल वाइनचा खप एकदम वाढला.

कारणेही सांगतात. मद्याने रक्तातले 'चांगले' म्हणवले जाणारे कोलेस्टेरॉल वाढते. रक्त गोठण्याची प्रवृत्ती काहीशी कमी होते. लाल द्राक्षाच्या सालीत रेझव्हेराट्रॉल नावाचे द्रव्य असते, त्याचेही गुण गातात.

आणि आपल्या घरचा दाखला? चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय मदात्ययाचा, म्हणजे मद्यजन्य विकारांचा. तिथे आचार्य म्हणतात की विधीने, मात्रेने, योग्य काळी, हितकर अन्नाबरोबर, आपले बळ पाहून, प्रसन्न मनाने घेतलेले मद्य अमृतासारखे होते. झाले! पिणाऱ्याला आणखी काय पाहिजे? शिवाय मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला, तेव्हाही प्रकृती राखण्यासाठी दारूचा परवाना देण्याची सोय ठेवलीच होती. गुजरातेत आजही असे आरोग्य-परवाने मिळतात. मग माळकऱ्यानेच काय पाप केले?

पूर्वपक्ष असा भक्कम आहे. तो थट्टेने उडत नाही.

उत्तरपक्ष

वारकऱ्याला पटेल असा दृष्टान्त घ्या. आषाढीला पायी जाणारे शंभर लोक आणि त्याच वयाचे घरी राहिलेले शंभर लोक निवडा. पाच वर्षांनी पाहा. पायी जाणाऱ्यांत जिवंत आणि धडधाकट माणसे जास्त निघतील. लगेच आम्ही कीर्तनात सांगणार, "बघा वारीचा महिमा!" पण अहो, घरी राहिले ते का राहिले? कुणाचे गुडघे गेलेले, कुणाला दमा, कुणी अंथरुणाला खिळलेला. जो आधीच खचला तो घरी राहिला. वारीने माणसे धडधाकट केली असतीलही; पण ह्या मोजणीने ते सिद्ध होत नाही. आम्हाला निष्कर्ष आवडतो म्हणून तर्क शुद्ध ठरत नाही.

न पिणाऱ्यांच्या मोजणीत हाच घोटाळा होता. जेराल्ड शेपर ह्या संशोधकांनी ब्रिटनच्या २४ गावांतील ७,७३५ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास चालवला होता. १९८८ साली त्यांनी दाखवून दिले की 'न पिणारे' म्हणून ज्यांची गणती होते त्यांत पूर्वी पिऊन, मग प्रकृती ढासळल्यामुळे सोडलेले पुष्कळ असतात. यकृत बिघडले, रक्तदाब चढला, डॉक्टरांनी दटावले, म्हणून पेला ठेवला. असा माणूस लवकर गेला, तर त्याचा मृत्यू 'न पिण्याच्या' खात्यावर! आजारी माणसे एका पारड्यात टाकायची आणि दुसरे पारडे चांगले म्हणायचे, असा हा न्याय.

दुसरे असे. परदेशात बेताने पिणारा माणूस पुष्कळदा खाऊनपिऊन सुखी, शिकलेला, फिरायला जाणारा, वेळेवर डॉक्टर गाठणारा असतो. ज्याने पेल्याला मर्यादा घातली त्याने बहुधा ताटालाही घातलेली असते. आयुष्य त्या मर्यादेने वाढवले आणि नाव पेल्याचे झाले.

ह्याला आमच्या न्यायशास्त्रात 'उपाधि' म्हणतात. तर्कसंग्रह शिकलेला कोणताही विद्यार्थी सांगेल : डोंगरावर अग्नी आहे, म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अनुमान फसते. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघतो तो ओल्या लाकडाच्या संयोगाने. ते ओले लाकूड हा उपाधि. इथेही पेला हा अग्नी, आयुष्य हा धूर, आणि सुबत्ता, नियमितपणा, आधीपासूनची चांगली प्रकृती हे ओले लाकूड. आम्ही पाठशाळेत हे घोकले, पण त्या श्रोत्याने वडिलांची गोष्ट काढली तेव्हा आठवले नाही! त्याचे वडील ८८ वर्षे जगले ते पेल्यामुळे, की पेला असूनही? एका माणसावरून ते ठरत नाही. आमचे 'काळीज सडते' हेही एका माणसावरून ठरत नव्हते.

मोजणी सुधारल्यावर काय झाले? २०२३ साली टिम स्टॉकवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०७ अभ्यास, सुमारे ४८ लाख माणसे, एकत्र तपासली. हे घोटाळे दूर केल्यावर दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी पिणाऱ्यांना आयुष्याचा म्हणण्यासारखा लाभ उरला नाही.

पण उपाधि पुरता झाडून टाकणारी युक्ती चीनमध्ये योजली, ती फार सुंदर आहे. पूर्व आशियात पुष्कळ लोकांत जन्मतः अशी रचना असते की मद्य पोटात गेले की तोंड लालबुंद होते, मळमळते. असे लोक साहजिकच कमी पितात. ही जन्माची चिठ्ठी आहे. ती श्रीमंती पाहत नाही की आजार पाहत नाही. पाच लाखांवर लोकांचा सुमारे दहा वर्षे मागोवा घेतला, त्यांतील १,६०,००० जणांची जनुके तपासली. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नुसते "किती पिता?" असे विचारून मोजले तर थोडे पिणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सर्वांत कमी दिसे, तीच जुनी गोष्ट. पण जन्माच्या चिठ्ठीवरून मोजले तेव्हा तो उतार नाहीसा झाला. जितके मद्य जास्त, तितका पक्षाघात जास्त. आठवड्याला २८० ग्रॅममागे, म्हणजे रोजच्या चार लहान पेगांमागे, धोका सुमारे ३५ टक्क्यांनी वाढता. हृदयविकाराच्या झटक्यापासून संरक्षण म्हणावे तर तेही स्पष्ट दिसले नाही. आणि गंमत पाहा : तिथल्या स्त्रियांत तीच जनुके होती, पण त्या जवळजवळ पीतच नाहीत, त्यांच्यात हा फरक दिसला नाही. म्हणजे दोष जनुकाचा नव्हे, मद्याचाच. मद्य तिथे धोका, मद्य नाही तिथे तो नाही. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळले.

कोणी म्हणेल, चीनचे राहू द्या, आपल्या लोकांचे सांगा. तेही आहे. केरळात जन्मलेले डॉ. सलीम युसुफ ह्यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा मोठा अभ्यास झाला, २००४ साली प्रसिद्ध झाला. इतर देशांची बेरीज केली तर त्यात मद्य थोडे हितकर दिसले होते. पण भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ ह्या आपल्या भागातील लोकांचा वेगळा हिशेब २००७ साली मांडला, तेव्हा मद्याने संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. दाखला परदेशातला आणि छाती आपली!

'चांगल्या' कोलेस्टेरॉलचे म्हणाल, तर ते वाढवणारी औषधेही निघाली. त्यांनी आकडा वाढला, पण अपेक्षेप्रमाणे झटके टळले नाहीत. रेझव्हेराट्रॉल वाइनमध्ये इतके अल्प असते की प्रयोगशाळेतली मात्रा गाठायला माणसाला पिंपे रिचवावी लागतील. आणि ज्या फ्रान्सचे नाव घेतात तिथे २०१५ साली सुमारे ४१,००० मृत्यू मद्यामुळे झाले. त्या देशाच्या आरोग्यखात्याने २०१७ पासून सांगितले की आठवड्याला दहा पेल्यांवर नको, दिवसाला दोनांवर नको, आणि रोज तर नकोच. "रोज रात्री" हा जावईबापूंचा मंत्र फ्रान्समध्येही चालत नाही.

एक कथा मात्र विसरू नये. अमेरिकेत सरकारी संस्थेने ७,८०० माणसांवर मोठा प्रयोग योजला होता : निम्म्यांनी रोज एक पेय घ्यायचे, निम्म्यांनी अजिबात नाही. खर्च सुमारे १० कोटी डॉलर. त्यातले दोनतृतीयांश मद्य बनवणाऱ्यांकडून यायचे होते. अधिकाऱ्यांनीच तो पैसा मागितला होता, हे उघडकीला आल्यावर जून २०१८ मध्ये प्रयोग बंद केला. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे आमच्या आजीला ठाऊक होते.

आता अपायाची बाजू. पोटात गेलेला मद्यार्क यकृतात ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी द्रव्यात बदलतो. ते पेशींच्या मूळ बीजालाच इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगाच्या निश्चित कारणांत घातले. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन, ही त्याची ठिकाणे. स्त्रीने दिवसाला एकच पेय घेतले तरी स्तनाच्या कर्करोगाचा धोका ७ ते १० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे जिथे शंभर जणींना व्हायचा तिथे १०७ ते ११० जणींना. एकटीदुकटीच्या दृष्टीने हे प्रमाण लहान. पण 'औषध' म्हणून घ्यायच्या वस्तूत हे बसत नाही. खेरीज रक्तदाब वाढतो, आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका थोड्या मद्यानेही वाढतो. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले की आरोग्यास निर्धोक अशी मद्याची कोणतीच मात्रा नाही.

प्रामाणिकपणे हेही सांगतो की वाद पुरता मिटलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने जुन्या पद्धतीच्या अभ्यासांवरून पुन्हा म्हटले की बेताने पिणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा कमी आढळते. त्याच अहवालात स्तनाच्या कर्करोगाची वाढही मान्य केली. हे लपवून आम्ही जिंकलो असे म्हणणार नाही. एकदा टाळ वाजवून प्रश्न बुडवला, तेवढे पुरे.

चरकाचार्यांचे मात्र राहिले. ज्यांनी 'अमृतासारखे' एवढेच उचलले त्यांनी अध्याय अर्धाच वाचला. तिथेच आचार्य सांगतात की मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या अगदी उलट असतात आणि ओजालाच क्षुब्ध करतात. आणि तो अध्याय संपवताना म्हणतात की जो बुद्धिमान जितेंद्रिय पुरुष सर्व प्रकारच्या मद्यांपासून निवृत्त झाला, त्याला शरीराचे आणि मनाचे हे विकार शिवत नाहीत. विधी आणि मात्रा ह्या अटी पिणाऱ्यासाठी. आणि शेवटचा गौरव न पिणाऱ्याचा. प्रकरणाचा उपसंहार पाहिल्यावाचून तात्पर्य ठरवू नये, हा मीमांसेचा पहिला धडा.

द्राक्षासव, दशमूलारिष्ट ह्यांविषयी माळकरी नेहमी विचारतात. त्यांत आपोआप तयार झालेला ५ ते १० टक्के मद्यार्क असतो, हे खरे. पण वैद्याने चार चमचे, बरोबरीने पाणी घालून, अमुक दिवस, असे सांगितलेले ते औषध. त्यातला मद्यार्क एकदोन ग्रॅम. रोग गेला की बाटली जाते. पेल्याचे तसे नाही.

निर्णय

जाणकारांतला वाद 'पिणाऱ्याने थोडे घेतले तर किती बिघडते' एवढ्यापुरता उरला आहे. न पिणाऱ्याने हृदयासाठी पिऊ लागावे काय, ह्यावर मतभेद नाही म्हटले तरी चालेल. अमेरिकेची हृदयरोग संघटनाही सांगते की न पिणाऱ्याने आरोग्याच्या आशेने सुरुवात करू नये. तेव्हा आम्ही त्या गृहस्थांना सांगितले, "माउली, माळ आणि जीव ह्यांत निवड करायची वेळच आलेली नाही. माळेने तुमचं कोणतंही औषध हिरावलेलं नाही. उलट जाळी बसवल्यावर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या तुम्ही घेता. त्यांच्या जोडीला मद्य आलं तर पोटात रक्तस्राव व्हायची भीती जास्त."

जे पितात त्यांना आम्ही शाप देत नाही. जितके कमी तितके बरे, आणि थांबता आले तर उत्तम. पण एक सावधगिरी. जो रोज पुष्कळ पितो त्याने एकाएकी स्वतःच्या मनाने सोडू नये. आमच्या दिंडीत एकाने माळ घातली आणि त्याच दिवशी दारू सोडली. तिसऱ्या दिवशी तो थरथरू लागला, अंगावर मुंग्या चढताहेत म्हणून ओरडू लागला. आम्ही म्हणालो, अंगात आलं आहे, बुक्का लावा! दिंडीबरोबरच्या डॉक्टरांनी ओळखले म्हणून वाचला. अशा वेळी फिट येऊन मृत्यूही ओढवू शकतो. माळ अवश्य घालावी. त्याच पावली डॉक्टरांकडे जावे.

शेवटी गृहस्थांनी विचारले, "मग हृदयासाठी करू तरी काय?" आम्ही डॉक्टरांचेच शब्द सांगितले : गोळ्या वेळेवर, रोज चालणे, मीठ-तेल बेताने, रक्तदाबावर लक्ष, आणि तंबाखू पूर्ण बंद. 'तंबाखू' शब्द निघताच त्यांचा हात कमरेच्या डबीकडे गेला. माळ दारूपासून राखते. पण कनवटीच्या तंबाखूची चौकशी आम्ही महाराज मंडळीही करत नाही, आणि हृदयाची ती उघड वैरीण आहे. युसुफांच्या त्या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याचा धोका चांगलाच वाढलेला आढळला होता.

पुढच्या एकादशीला ते भेटले. म्हणाले, "बाटली त्याच आठवड्यात परत दिली महाराज. जावयाला सांगितलं, तुमची माया पोचली. डबी मात्र अजून सुटली नाही. दिवसाला दोनदावर आणली आहे." ते खोटे बोलले नाहीत ह्याचा आम्हाला आनंद वाटला. उरलेल्या दोन वेळांसाठी त्यांनी आमचाच डॉक्टरांचा पत्ता मागून घेतला.

राम कृष्ण हरि.